लुच्चोबाला हशा ऐकू येईना

त्या जुन्या विनोदी नाटकातला नोकर लुच्चोबा महाबेरकी. कंजूष मालकाला तो रोज टोपी घालायचा आणि लोक पोट धरून हसायचे. ऐन पंचविशीत हाती आलेलं ते काम करणाऱ्या नटानं पन्नाशीपर्यंत असं गाजवलं की कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा त्याला "या लुच्चोबा" म्हणायचा. खरं नाव घरात ताईपुरतं उरलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दोघंच राहत.

कान गेले ते हळूहळू. आधी पंख्याची घरघर गेली, मग दारावरची थाप. ताई नुसती मोठ्यानं बोलू लागली, त्यावर चर्चा नाही. पण नाटकात पंचाईत होती. विनोदी नटाला वाक्यं पाठ असून भागत नाही. हशा ओसरायच्या आधी बोललं तर वाक्य वाया जातं, उशीर केला तर खेळ थंड पडतो. आणि लुच्चोबाला हशाच ऐकू येईना.

मालकाचं काम करणारे काका मुरलेले नट, त्यांनी ताडलं. रंगपटात त्याला गाठून, तोंड स्पष्ट हलवत विचारलं. त्यानं मान खाली घातली. काकांनी कुणापाशी ब्र काढला नाही. त्या दिवसापासून हशा विरला की ते हातातली काठी रंगमंचाच्या फळ्यांवर आपटत. ठोका लुच्चोबाच्या तळपायांना कळे, म्हणून तो अनवाणी काम करू लागला. लोकांना वाटे, म्हातारा मालक चिडलाय. अशी बरीच वर्षं निभावली.

मग काका अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. त्यांच्या जागी आलेला नट तरुण आणि गुर्मीतला. लुच्चोबानं त्याला काही सांगितलं नाही. पोटावर पाय यायची भीती होती. पहिल्याच प्रयोगात तो नट गडबडला. 'बाजारातून काय आणलंस?' असं विचारायचं, ते विसरला आणि वेळ मारून न्यायला ओरडला, "तुझा बाप कोण रे?"

लुच्चोबानं पाठ होतं ते म्हटलं, "गाढव, मालक. तेवढंच उरलं होतं."

लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. लुच्चोबाला समोर फक्त उघडी तोंडं दिसली.

पडदा पडल्यावर मॅनेजरनं त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. आता नारळ मिळणार, असं त्याला वाटलं. पण मॅनेजर खूश होता. पुढच्या प्रयोगापासून नोकर बहिरा ठरला. मालकानं त्याच्या तोंडावर मनाला येईल ते बोलायचं, रोज नवं, आणि नोकरानं "हो मालक" म्हणत हसायचं. नाटक पुन्हा जोरात चालू लागलं.

एव्हाना लुच्चोबाला ओठांवरून बोलणं कळू लागलं होतं. हे त्यानं मॅनेजरपासून लपवलं. मालकाची प्रत्येक शिवी त्याला समजायची. तो हसायचा.

एकदा ताई नाटकाला आली आणि मध्यंतरातच उठून गेली. घरी तिनं त्याला समोर बसवलं.

"तो काय बोलतो, ते तुला कळतं ना?"

"नाही गं. आपलं हसायचं, झालं."

ताईनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. मग भिंतीकडे तोंड फिरवून, त्याला ओठ दिसणार नाहीत अशा बेतानं, ती बराच वेळ काहीतरी बोलत राहिली.