फोटोमामांची सीट

फोटोमामा कुणालाही हसायला सांगत नसत. सहलीला आलेल्या बाईला ते एखाद्या भिंतीच्या सावलीत उभं करत, कॅमेरा छातीशी धरत आणि सहज आठवल्यासारखं विचारत, "घरी आता काय चाललं असल?"

बाई जरा विचार करी. "आता? टँकर आला असंल."

"मंग पानी कोन भरतंय?"

"भरतील त्यांचं ते!"

हे म्हणताना त्या बाईच्या खांद्यांवरून काहीतरी उतरायचं. हंडा, कळशी, सासू, नवरा, काय असेल ते. चेहरा दोन क्षण मोकळा व्हायचा आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. ती पदर सारखा करून "हं, काढा आता" म्हणेपर्यंत मामा पुढच्या माणसाकडे वळलेले असत.

जूचंद्रच्या नाक्यावर त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, निळा पडदा, एक स्टूल आणि केस विंचरायला दोरीने बांधलेली फणी. तिथे ते पासपोर्ट फोटो काढत. पण गावात त्यांची ओळख होती ती सहलीमुळे. आमच्या गावचं मंडळ दरवर्षी भाताची झोडणी उरकली की चार दिवसांची सहल काढतं. चाळीस सीटची बस. दरवाजाजवळची पहिली सीट मामांची. मंडळ त्यांना फी देत नसे आणि त्यांनी कधी मागितलीही नाही. सीट आणि दोन वेळचं जेवण, एवढाच करार.

बसमधली बरीचशी माणसं मिठागरात नाहीतर भाताच्या खाचरात वाकून म्हातारी झालेली. वर्षातून हीच काय ती त्यांची गावाबाहेरची हवा. मामा म्हणत, "गाडीतून उतरलेल्या मानसाचं तोंड अर्धा तास त्याचं सोताचं असतं. मंग त्याला घर आठवतं." त्या अर्ध्या तासासाठी ते सगळ्यांच्या आधी उतरत. देवळासमोर सगळ्यांचा एक फोटो होई, तो वेगळा. त्याशिवाय प्रत्येकाचा एक 'सिंगल'. मागे कुठलंही नावाजलेलं ठिकाण नाही. साधी भिंत, पार, नाहीतर बसची बाजू. खिशातल्या यादीत नावापुढे खूण केली की तो माणूस सुटला.

"मामा, एवढे लांब आलो, मागं देऊळ तरी येऊ द्या!" कुणीतरी दरवर्षी कुरकुर करायचंच.

"देवळाला कोन विचारतं? ते शंभर वर्षांनी पन तितंच असल," मामा म्हणत. "तू सरळ उभा राहा."

हे सिंगल पुढे कुठे जात ते गावाला माहीत होतं. माणूस जातो, घरात रडारड चालू असते आणि तशात कुणीतरी विचारतं, फोटो आहे का एखादा चांगला? मग कपाटातून मामांचा लिफाफा निघायचा. जूचंद्रच्या कितीतरी भिंतींवर हार घातलेली जी माणसं आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर पन्हाळ्याचा नाहीतर नाशिकचा उजेड आहे. त्या घरांतली गेलेली माणसं कामातून उसंत मिळाल्यासारखी दिसतात. मामांनी हे ठरवून केलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण हिराबाईसारख्या बाया त्यांना सोडत नसत.

"माझा नको काढू रं मामा. गेल्या खेपेला ज्यांचे काढलेस त्यातले दोघं गेले."

"तुला कोन नेतंय? तुझी जीभ ऐकून यम गाडी बदलल."

आणि हिराबाई तोंडावर हात घेऊन हसत असताना तिचा सिंगल निघे. ती बाई अजून ठणठणीत आहे.

आमचं घर गावचं नाही. आम्ही इमारती उभ्या राहिल्यावर आलेले लोक. पण माझे बाबा पत्रकं काढत. पाण्यासाठी, खाडीच्या पाणथळीत भराव घालू नका म्हणून, रिक्षाच्या दरासाठी. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर आणि दुसरीत असल्यापासून त्यांच्या घड्या घालत होते. त्यामुळे कुठे काही चुकतंय असं दिसलं की माझा हात आपोआप कागदाकडे जाई. कॉलेज संपलं त्या वर्षी मला मंडळाच्या सहलीत एक अन्याय दिसला.

सोनूआत्या मंडळाची भांडी घासत. गणपती असो, पूजा असो, सहलीच्या आदल्या दिवशीचं जेवण असो, पातेली सोनूआत्यांची. विधवा बाई, मूलबाळ नाही, भाच्याच्या घरी एका खोलीत राहणारी. बस निघताना नारळ फुटायचा आणि या बाई मागे उरलेली भांडी घासत बसायच्या. इतक्या वर्षांत एकदाही त्यांचं नाव यादीत लागलं नव्हतं, कारण सीट उरत नसे.

मी एक पानभर लिहिलं आणि मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. फोटो काढणं ही एका माणसाची मक्तेदारी राहिलेली नाही. मग एक अख्खी सीट फोटोग्राफरसाठी का अडवायची? ज्या हातांनी आपली उष्टी भांडी घासली, त्या हातांना ती सीट द्या. शेवटचं वाक्य मी आवाज चढवून वाचलं. टाळ्या पडल्या.

मामा मागे बसले होते. त्यांनी माझ्याकडून तो कागद मागून घेतला, चष्मा लावून सगळा वाचला आणि परत दिला.

"बरोबर लिवलंस, पोरी. ती जायलाच पायजे."

मी वादाची तयारी करून आले होते. चार मुद्दे तयार होते आणि एकही वापरावा लागला नाही, याचा मला राग आला. मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"खांदा सुटला माझा," मामा म्हणाले. खरंच कॅमेऱ्याच्या बॅगेने त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. "फोन चांगला हाय. खिशात मावतो. मी पन तोच घेऊन यायच्या विचारात व्हतो." मग उठताना म्हणाले, "तिचा सिंगल तेवढा काढा."

"मामा, बसमध्ये चाळीस फोन आहेत."

"हां. ते पन खरं," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

सोनूआत्या आमच्याबरोबर कोल्हापूरला आल्या, पन्हाळ्याला आल्या, नरसोबाच्या वाडीला आल्या. मीही गेले, कार्यकर्ती म्हणून. फोटोंचा पाऊस पडत होता. सगळे हात लांब करून स्वतःचे फोटो काढत होते आणि सोनूआत्या सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. सवय होती. "धर गं आत्या जरा" म्हणत माणसं पिशवी द्यायची आणि फोटो काढायला जायची. पन्हाळ्याच्या तटावर वारा सुटला होता. आत्यांचा पदर उडाला, तो धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्या एकट्याच हसत होत्या. मोठ्याने, तोंड उघडून. मी ते पाहिलं. माझ्या हातात फोन होता. मी त्या वेळी बसमध्ये सोनूआत्या आहेत हे जगाला सांगणारा मजकूर लिहीत होते. म्हटलं, एवढं लिहून होऊ दे, मग काढते.

चैत्रात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. भाचा आमच्या दारात आला. "ताई, सहलीतला एखादा फोटो द्या ना. घरात एकपन नाय."

मी म्हटलं, ढीगभर असतील.

मी सहलीच्या ग्रुपवरचे सगळे फोटो पाहिले. मग घरोघरी जाऊन लोकांचे फोन पाहिले. तीन दिवस लागले. कुणाच्या खांद्यामागे आत्यांचा कोपर. कुणाच्या सेल्फीच्या कडेला अर्धा कान आणि कुडी. एका फोटोत पूर्ण आत्या, पण पाठमोऱ्या, दोन्ही हातांत मिळून पाच पिशव्या. एका व्हिडिओत त्यांचा आवाज, "तुमी जा, मी हाय इतं." चेहरा कुठेच नव्हता.

हिराबाईने आपला फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "माझीच पिशवी व्हती गं तिच्याकडं. त्यात लाडू व्हते."

मी मामांच्या गाळ्यात गेले. पाठमोरी आकृती, कान, कोपर, सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, यातून काही जोडता येईल का? त्यांनी चष्मा पुसला आणि ते फोटो एकेक करून नीट पाहिले.

"तोंड बनवता येतं आता. मशीन बनवून देतं. पन ती सोनू नसल."

"माझी चूक झाली, मामा."

मला त्यांनी ओरडायला हवं होतं. त्यांनी चहा मागवला. "तुझा कागद बरोबर व्हता," ते म्हणाले. "फोनची पन चूक नाय. फोटो सगळ्यांनाच काढता येतात. पन कोन राह्यलं ते बघायला एक मानूस लागतो. तेवढं लिवायचं राह्यलं तुझं."

भाच्याने शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात आत्या कुणीतरी पकडून आणल्यासारख्या दिसतात. मी त्या घरी जायचं टाळते.

पुढच्या वर्षी मी पुन्हा कागद लिहिला. मामांची सीट मामांना परत द्या. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण ठराव झाला. मीच निरोप घेऊन गेले. मामा पडदा काढत होते. इमारत पाडून नवी बांधायची होती, गाळा सोडायचा होता, मुलाने विरारला घर घेतलं होतं, सातव्या मजल्यावर.

"नको पोरी. दमलो आता. कॅमेरा पन दिला मी एकाला. त्या सीटवर कोनाला तरी बसव, जो अजून गेला नसल."

"मग फोटो?"

"फोन हाय ना तुझ्याकडं?"

त्या दुपारी त्यांनी मला शिकवलं. आधी यादी, मग फोन. "झूम करू नको. पाय हायत ना? चालत जा. डोळ्यासमोर धरू नको, छातीशी धर, म्हंजे मानूस तुझ्याशी बोलंल. आनि सोताचा फोटो काढायचा नाय. चार दिवस तू तिथं नाहीस, असं समज." त्यांनी मला स्टुलावर बसवलं नाही. मोकळ्या गाळ्यात उभं राहून मी त्यांच्या रिकाम्या भिंतीचे फोटो काढत राहिले आणि ते मला पुढे-मागे सरकवत राहिले.

तेव्हापासून मी हे काम करते. लोक म्हणतात, हिला काय, फुकट फिरायला मिळतं. मी चार सहली केल्या आणि मला एकही गाव धड आठवत नाही. गाभारा पाहिला नाही, नदीत पाय घातला नाही. आठवतात ती तोंडं. बस थांबली की उतरायचं, सगळे चढले की चढायचं, खुणा करायच्या, राहिलेल्याला शोधायचं. परतल्यावर वसईला जाऊन फोटो छापून आणायचे आणि लिफाफे वाटत फिरायचं. पूर्वी मला वाटायचं, एक कागद नीट लिहिला की अन्याय मिटतो. आता वाटतं, कागद लिहिणं हे त्यातलं सगळ्यांत सोपं काम. त्यानंतरचं रोजचं मोजत राहणं कुणी करायचं? मी अजून पत्रकं लिहिते, पण पूर्वीसारखा आवाज चढत नाही.

पहिल्या तीन सहलींचे फोटो मी मामांना दाखवलेच नाहीत. लाज वाटायची. चौथ्या वेळी त्यांची तब्येत बिघडल्याचं कळलं, म्हणून त्या सहलीचे सगळे सिंगल त्यांच्या फोनवर पाठवले. मी सोडून एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. यादीतलं एकही नाव सुटलेलं नव्हतं. मनात म्हटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मामांशी माझं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर पंधरा दिवसांत ते गेले. आवाज खोल गेला होता, मधे मधे थांबत होते.

"चांगलं काढलंस. हिरा अजून तशीच हाय, मेली." मग म्हणाले, "डायवर कुठाय?"

यादी सीटची होती. ड्रायव्हरचं नाव त्यात नसतं.

त्याच दुपारी मी नायगावला रस्त्याकडेला भाड्याच्या बस उभ्या असतात तिथे गेले. आमची बस शेवटून दुसरी होती. ड्रायव्हर बादली घेऊन पुढची काच धूत होते. मला पाहून त्यांनी फडका पिळला.

"काय विसरलात का गाडीत, ताई?"

"नाही. तुमचा फोटो काढायचा राहिला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग फडका आरशाला अडकवला, हात पँटला पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं. "मामा दरवर्षी काढायचे," ते म्हणाले. "घरी आहेत सगळे, बायकोने जपून ठेवलेत. मग एका वर्षी मामा आलेच नाहीत. मला वाटलं, आता तशी पद्धत नाही राहिली."

ते बसच्या बाजूला, सावलीत, कुणी न सांगता बरोबर जागेवर जाऊन उभे राहिले. मी फोन छातीशी धरला. पाच सहलींत या माणसाने मला सगळ्या घाटांतून सुखरूप आणलं होतं आणि मला फक्त त्यांची मान माहीत होती. मी फोन खाली घेतला आणि आधी त्यांचं नाव विचारलं.