ताऱ्याचा मूळ नमुना

पार्ल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची जागा होती आणि ती मिळवायला वर्गावर एक तास घेऊन दाखवायचा होता. मला ती नोकरी हवीच होती, कारण आधी एका ठिकाणी अशाच तासाला मी सपशेल आपटले होते.

तेव्हाही विषय हाच होता. प्रकाश देणारी वस्तू आपल्यापासून लांब जात असेल तर तिचा प्रकाश लाल बाजूला सरकतो, जवळ येत असेल तर निळ्या. उदाहरण म्हणून मी घाटकोपरचा हायवे सांगितला. येणाऱ्या गाड्या पांढऱ्या, जाणाऱ्या लाल! मुलं खूश, मीही खूश. मग एका मुलीने विचारलं, "मिस, म्हणजे गाडी थांबली की मागचे दिवे पांढरे होतात ना?" परीक्षकांनी वह्या मिटल्या. वाट लागली. ते दिवे लाल काचेचे असतात आणि गाडीच्या वेगाने रंग डोळ्यांना कळण्याइतका बदलतच नाही, हे मी सांगेपर्यंत घंटा झाली. पुढे महिनाभर मी त्या बिचाऱ्या मुलीवरच चिडून होते.

या वेळी तालीम घरी करायची ठरवली. विद्यार्थी एकच, बाबा. ते गिरणीच्या रंगखात्यात होते. कापडाचा रंग ऑर्डरप्रमाणे उतरलाय की नाही, ते बघणं त्यांचं काम. गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसात शिपाई झाले. तेव्हापासून रंगांविषयी त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा नाही.

जेवणाच्या टेबलाशी उभी राहून मी सुरू झाले. लांब जाणारा तारा, ताणल्या जाणाऱ्या लहरी, लालकडे सरकलेला प्रकाश. बाबांनी हात वर केला.

"ता सगळा ठीक. पण तो तारो पयल्यापासूनच लाल नसात कशावरून? मूळ नमुनो खंय असा?"

"बाबा, ताऱ्याचा कसला नमुना?"

"मगे रंग बदललो म्हणान सांगतंस कसा?"

रंगखात्याचा नियमच होता. मंजूर झालेला कापडाचा तुकडा शेजारी ठेवल्याशिवाय रंगावर बोलायचं नाही. साहेब आला तरी नाही. मी आधी वैतागले, पण प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. फक्त मी ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पट्ट्यात पसरवला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. हायड्रोजनच्या रेघा कुठे येतात, ते इथे प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. ताऱ्याच्या पट्ट्यात त्याच रेघा, तितक्याच ओळखीच्या क्रमाने, पण सगळ्या मिळून लालकडे सरकलेल्या सापडल्या, तर तो लांब चाललाय.

"म्हंजे तुमची ती प्रयोगशाळेतली रेघ, तोच नमुनो," बाबा म्हणाले. "मगे पयला ता सांग. तारो नंतर."

पार्ल्यात मी तसंच केलं. आधी रेघा, मग तारा. फळ्यावर दोन पट्टे एकाखाली एक काढले आणि वर्गालाच विचारलं, काय सरकलंय? चौघं-पाचजण एकदम ओरडले. झकास वाटलं.

तास संपल्यावर परीक्षकांमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "ही नमुन्याची पद्धत कुठल्या पुस्तकातली?"

"माझ्या बाबांची. ते गिरणीत रंग तपासायचे," मी म्हटलं. आजवर प्रत्येक फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'निवृत्त शिपाई' एवढंच लिहीत आले होते.

नोकरी मिळाली. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, बाईंच्या प्रश्नासकट. ते टेबलापाशी खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"पयल्या दिवशी काय शिकवूचा असा?" ते म्हणाले. "आधी माका सांग."