चढावरचा दगड

विनायक गेल्याचा निरोप घेऊन त्याचा कंपाउंडर शाळेत आला, तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होतो. "गुरुजी, डॉक्टरसाहेब गेले," एवढंच तो म्हणाला. ते गणित अर्धंच राहिलं... महिना उलटला, तरी मला एका जागी बसवत नाही.

दिग्रसमध्ये आम्ही लहानपणापासूनचे. आपला भाग मुंबई राज्यात गेला, त्या साली तो डॉक्टर होऊन गावात परतला. तेव्हा छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला वायगोळाच झालेला असे. ओवा चावून, पोट चोळून झालं की लोक त्याच्याकडे येत, आणि तो विचारेल त्याला आदरानं 'हो जी' म्हणत. शेवटी त्यानं विचारणंच सोडलं. "तोंडानं नको सांगू, हातानं दाखव." एका बोटानं जागा दाखवली, दाबल्यावर ती दुखली, तर बहुधा शीर धरलेली. श्वासासरशी टोचतं, पुढं वाकलं की बरं वाटतं, तर हृदयाच्या आवरणाला सूज असायची. पण कुणी छातीच्या मधोमध मूठ आवळली, की विनायकचा चेहरा बदलायचा. मग एकच प्रश्न, चालताना थांबल्यावर कळ जाते का?

मला त्यानं असंच पकडलं. संध्याकाळी आम्ही टेकडीवरच्या देवळापर्यंत फिरायला जायचो. अर्ध्या चढावर एक मोठा दगड आहे; तिथं पोचलो की मी थांबून काहीतरी गोष्ट सांगू लागायचो. तिथं एकदा तो गरकन वळला. "काहून बे, तुले रोज इथंच गोष्ट आठवते?" मी हसलो, तो हसला नाही. "हात दाखव." माझी मूठ आपसूक छातीवर गेली. त्यानं जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "चालतानी दुखलं तं थांब. बसल्या जागी दुखलं तं थांबू नको, माह्याकडे ये. ते दुखणं येगळं हाये."

गेल्या हिवाळ्यात त्याच दगडापाशी तोच थांबला आणि कापसाच्या भावावर बोलू लागला. विनायकला कापसाचं काडीचं देणंघेणं नव्हतं! मी म्हणालो, "हात दाखव." त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "वायगोळा हाये बे." साऱ्या गावाला शहाणं करून सोडणारा माणूस स्वतःशी असा खोटं बोलला, याचा मला अजून राग येतो.

काल एकटाच चढताना कळ आली, त्या दगडावर टेकलो तशी गेली. आज हे लिहिताना, बसल्या जागी छाती आवळून आली आहे आणि गोळीनंही सुटत नाही. बायको ओवा घेऊन आली. मी तिला मूठ दाखवली, म्हटलं, यवतमाळला न्यायला गाडी बघ. गाडी दारात आली आहे. विनायकबद्दल पुष्कळ सांगायचं राहिलंय, पण थांबू नको म्हणाला होता.