सव्वीस पानांखालचा नंबर

मी सातवी पास. पंचवीस वर्षं उल्हासनगरात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश धरणाऱ्याला कुणी विचारेना. ज्या फ्लेक्सवाल्याने माझा धंदा खाल्ला, त्याच्याच दुकानात कॉम्प्युटरवर बसलो. तो सिंधी. म्हणाला, "पेंटर साईं, माऊस भी ब्रशही है, बस हात गंदे नहीं होते." तिथूनच वेबसाइट करायला लागलो. लोक वेब डिझायनर म्हणायचे, मी पेंटरच म्हणायचो.

तेव्हा ओढून ठेवायची सॉफ्टवेअरं होती. चित्र ओढा, अक्षर ओढा, पान तयार. मला ती कधी पटली नाहीत. दहा ओळींचं काम शंभर ओळींत करायची आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडलं की सगळं वाकडं. मी नोटपॅडमध्ये हाताने एकेक ओळ लिहायचो. अडलं की दुसऱ्याच्या साइटचा कोड उघडून बघायचो. चोरी म्हणा, मी त्याला शिक्षण म्हणतो.

आम्ही खरवईला राहायचो. बायको अंबरनाथ पूर्वेला शिवणक्लास चालवायची. त्या क्लासची साइट मी केली. झबलं, परकर, ब्लाऊज, प्रत्येक कपड्याला एक पान. एकूण सव्वीस. प्रत्येक पानाच्या तळाशी चौकशीसाठी तिचं नाव आणि आमच्या घरचा फोन नंबर.

पण सवय पेंटरची. प्रत्येक पाटीला रंग नव्याने कालवायचा, तसा मी प्रत्येक पानात, प्रत्येक मथळ्याला रंग वेगळा लिहिला होता. ती बघून म्हणाली, "हा कसला लाल? मंडपवाल्याच्या कापडासारखा. मरून करा."

दोन दिवस एकेक मथळा बदलत बसलो. ती शेजारी मशीनवर.

"अहो पेंटर, शाळेचे साठ फ्रॉक मी साठ वेळा बेतते का? एक पेपर कटिंग करायचं, त्यावरून सगळे कापायचे. तुमच्या त्या डब्यात असं काही नाही?"

"आहे. स्टाइलशीट म्हणतात."

"मग वापरत का नाही?"

"येत नाही."

"मग शिका. मला काय सांगताय?"

शिकलो. एक फाइल. रंग, अक्षराचा आकार, मधली जागा, सगळं त्यात. सव्वीसही पानं तिच्याकडे बघून सजतात. पुढे बायकोने मरूनचा जांभळा करायला लावला, तेव्हा एक शब्द बदलला. ती म्हणाली, "झालं? मग तेव्हा दोन दिवस काय करत होता?"

दोन वर्षांनी ती किडनीच्या आजारात गेली.

फोन येतच राहिले. "मॅडम आहेत का?" नाहीत. "कधी येतील?" प्रत्येकीला सांगायचं, येणार नाहीत, वारल्या. तिचीच एक विद्यार्थिनी आता क्लास चालवत होती. ती घरी आली. "काका, साइटवर माझा नंबर टाकाल का? नव्या बायका तुमच्याकडे फोन करतात, मग क्लासला येतच नाहीत. तुम्हालाही त्रास."

"त्रास मला होतोय ना? तुला कशाला काळजी?"

बिचारी चहा न घेता गेली. तिचं बरोबर होतं. असंच चाललं असतं तर क्लास बंद पडला असता.

त्या मुलीचा नंबर पानांवर वरच्या बाजूला टाकला. तळाची बायकोच्या नावाची पट्टी मात्र पुसवेना. स्टाइलशीटमध्ये एक ओळ लिहिली, पट्टी दाखवू नकोस. सव्वीस पानांवरून नाव एका झटक्यात दिसेनासं झालं. पानाच्या आत तसंच होतं. मला तेच हवं होतं.

आठवड्याने पुन्हा फोन. "मॅडम आहेत का? कटोरी ब्लाऊजचं विचारायचं होतं."

"नंबर कुठून मिळाला?"

"नेटवर शोधलं, त्यात आला."

स्टाइलशीट दिसण्यापुरतं. आत आहे ते आहेच. जुनी पाटी पॉलिशपेपरने घासल्याशिवाय वर रंग मारला, तर दोन उन्हाळ्यांत खालची अक्षरं वर येतात. पेंटर माणूस मी, मला हे कुणी सांगायला हवं होतं का?

मग सव्वीसही पानं नोटपॅडमध्ये उघडली. एकेका पानातून हाताने नाव पुसलं, नंबर पुसला आणि तिथे त्या मुलीचा लिहिला. एकदम सगळीकडे बदलायची सोय होती, ती वापरली नाही. ब्लाऊजचं पान शेवटी घेतलं. तेही केलं. स्टाइलशीटमधली ती लपवायची ओळही काढली.

क्लासवाल्या मुलीला फोन लावला. "बघ, झालंय का."

"झालंय काका."

"त्या दिवशी चहा न घेता गेलीस. ये उद्या."