पाय दुखतोय, पोट कशाला बघताय?

रक्तवाहिन्यांचा डॉक्टर म्हणून बेळगावात इतकी वर्षं बसलोय, की घरी किस्सा सुरू केला की शेवट बायकोच सांगते! म्हणून म्हटलं, तुम्हाला चार किस्से सांगावेत.

निपाणीचे एक आप्पा. जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. थोडं चाललं की पोटऱ्या भरून यायच्या. पायाच्या धमन्या चोंदल्या होत्या. मी म्हटलं, "पोटाचीही सोनोग्राफी करू."

"पाय दुखतोय आन् पोट बघायलाय? उद्या डोकं दुखलं तर पाय बघशीला व्हय?"

मी समजावलं, काळजातनं निघालेली मोठी धमनी पोटातून उतरते आणि दोन्ही पायांत वाटली जाते. ज्यांची खाली पायात चोंदते, त्यांच्यातल्या काहींची वर पोटात फुगते. दुखत नाही, पण फुटली तर माणूस हाती लागत नाही.

"म्हंजे टाकी आन् नळ एकाच लाईनीवर! मग आदी टाकीच बघा की!"

टाकी ठणठणीत निघाली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतले चौघे हजर. "आमचीबी टाकी बघा!"

* * *

आमचे ज्युनियर डॉक्टर कन्नड बोलणारे. कन्नडमध्ये 'बिडी' म्हणजे 'सोडा'. एका म्हाताऱ्याला त्यांनी बजावलं, "बीडी बिडी!"

पुढच्या खेपेला म्हातारा आला तो बीडीचा वास घेऊनच.

"सोडली नाही अजून?"

"डॉक्टरच दोनदा बीडी म्हणालते. म्हणून दोनच वढतोय!"

* * *

वडगावचे एक विणकर अण्णा. पोटातली धमनी फुगलेली. जांघेतून आत कापडी नळी सरकवून बसवायची होती. घाबरून सहीच करेनात. शेवटी मी नमुन्याची नळी हातात दिली. त्यांनी चष्मा चढवला, बोटांत चोळून बघितली, उजेडाला धरली.

"वीण घट्ट हाय. कुठं करू सही?"

सही झाली. मग हळूच म्हणाले, "पण काठ न्हाय हो ह्याला!"

* * *

सांबऱ्याकडच्या एका शेतकऱ्याचं असंच ऑपरेशन झालं. मी म्हटलं, "सख्ख्या भावालाही असू शकतं. घेऊन या."

"बोलत न्हाय आमी. जमिनीच्या वाटणीवरनं. लई वर्सं झाली."

तरी आणलं! बाकाच्या दोन टोकांना दोघं. थोरला सिस्टरना म्हणाला, "त्येला सांगा, भ्यायचं कारण न्हाय."

धाकटा म्हणाला, "त्येला सांगा, मी भीत न्हाय!"

धाकट्याचंही ऑपरेशन नंतर सुखरूप झालं. पण त्या दिवशी सोनोग्राफीत त्याचा फुगा थोरल्यापेक्षा मोठा दिसला, तेव्हा माझाच चेहरा उतरला. बाहेर येऊन थोरल्याला सांगितलं. तो तडक आत घुसला. टेबलावर पडलेल्या भावाकडं बघत राहिला. डोळे भरलेले.

"माझ्यापरास मोठा? हितंबी जास्तीचा वाटा घेतलास व्हय रं!"