उष्ण रक्ताचा पुरावा

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. डायनोसॉर थंड रक्ताचे, पाली-सुसरींसारखे, असं मी वर्षानुवर्षं डोळे मिटून सांगत आले होते. मग एका परदेशी मासिकात वाचलं, ते उष्ण रक्ताचे असावेत. पुरावा काय, तर त्यांच्या हाडांत रक्तवाहिन्यांची दाट छिद्रं, गुराढोरांच्या हाडांत असतात तशी. माझा विश्वास बसेना. छिद्रं बघून मेलेल्या जनावराचं रक्त ओळखणाऱ्याचा मला संशयच येतो.

म्हणून ठरवलं, स्वतः बघायचं. कॉलेजच्या कपाटात कासवाचा जुना सांगाडा होता. शेळीचं हाड हवं होतं, आणि शिपाई रजेवर, म्हणून खाटकाकडे मीच गेले. आम्ही जैन, हाड घरी नेणं शक्यच नव्हतं. तेव्हा तास संपले की प्रयोगशाळेत हाडांचे काप दगडावर घासत बसायची, पलीकडचं दिसेल इतके पातळ होईपर्यंत. घरी पोचेपर्यंत दिवस मावळायचा. मावळल्यावर आमच्याकडे कुणी जेवत नाही. मी तशीच झोपायची.

चौथ्या संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या. मी खाटकाच्या दुकानात दिसल्याचं शेजारणीनं पोचवलं होतं.

"कुठं जेवून येतीस गं?"

"कुठंच नाही, आत्या."

"सकाळच्या दोन घासांवर चार दिस निभतंय व्हय? तू काय घोरपड हाईस, एकदा गिळलं की आठवडा पडून ऱ्हायला?"

हाच मुद्दा त्या मासिकातही होता: उष्ण रक्ताच्या प्राण्याला सारखं खावं लागतं. मला हसू आलं असतं, पण त्या थांबल्या नाहीत. "भाईर असलं खात असशील, तर नोकरी बंद!" नवऱ्यानं वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. मला दोघांचाही भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबले. ऊन उतरताना प्रयोगशाळेच्या दारात सासूबाई, हातात डबा. झडती घ्यायलाच आल्या होत्या. टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाट हुंगलं, मग मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"हे शेळीचं हाड," मी म्हटलं. काप बदलला. "आणि हे कासवाचं."

"दोन्हीला भोकं हायत की."

होती. कासवाच्या हाडात विरळ, पण होती. नुसत्या छिद्रांवर भरवसा ठेवता येत नाही, हे कळायला मला चार दिवस लागले होते.

त्यांनी मला नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि व्हरांड्यात बसवून डबा उघडला. मटकीची उसळ आणि चार भाकरी. एरवी मी दीड खाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "जेव. दिस हाय अजून," म्हणाल्या आणि माझ्या हाताकडे टक लावून बसल्या. परीक्षा चालली होती, कळत होतं. डबा ढकलून द्यावासा वाटला. पण पोट मानाला जुमानेना. चारही भाकरी संपल्या, उसळीचा रस्साही मी बोटानं पुसून खाल्ला.

सासूबाई रिकाम्या डब्याकडे बघत राहिल्या. मग पदर डोळ्यांना लावला.

"उपाशीच होतीस की गं, पोरी."