खाटेखालचा खलबत्ता

लग्न होऊन भागीबाई नामपूरहून घोटीला आली ती माहेरची तिखट चव घेऊनच. वर्ष सरायच्या आत नवरा, भातगिरणीवर हमाली करणारा पुंजा, पोट धरून बसला. डॉक्टर म्हणाले, अल्सर. सासू आक्काबाई म्हणाली, "हिच्या मिरचीनं माझ्या लेकाचं पोट जाळलं!" झालं! तिने खलबत्ता आपल्या खाटेखाली सरकवला आणि चूल ताब्यात घेतली. नव्वद साल होतं ते. नवऱ्याच्या ताटाला भागीबाईचा हात पुन्हा लागला नाही. पुंजा दूधभात गिळत राहिला, पण बायकोची बाजू घ्यायला त्याने तोंड म्हणून उघडलं नाही. पोट मात्र दुखायचं ते दुखायचंच.

दोन हजार साली तो रक्त ओकला. नाशिकला दुर्बीण घालून पाहिलं, तर पोटात जंतू निघाले. औषधं झाल्यावर पुन्हा दुर्बीण घातली. डॉक्टरीणबाईंनी दोन फोटो शेजारी शेजारी धरले. एकात लालभडक खड्डा, दुसऱ्यात गुळगुळीत गुलाबी अस्तर.

"आतून मलम लावलं का?" भागीबाईने विचारलं.

"नाही हो. गोळ्यांनी जंतू मारले, जखम पोटाने स्वतःच भरली. रक्तातल्या पेशी एकमेकींना सांगावा धाडतात, इथे जखम आहे, या. मग नवं अस्तर धरतं. जंतू होते तोवर हा सांगावा थांबतच नव्हता, त्यानेही आतून सूज राहायची."

"आन मिरची?"

"मिरचीने झोंबतं. अल्सर झाला तो जंतूंमुळे. ते बहुधा लहानपणीच घरातल्या कुणाकडून येतात. चावलेला घास बाळाला भरवतात ना, त्यातून."

भागीबाई जागच्या जागी थिजली. एवढी वर्षं! सासूला काय काय ऐकवायचं, तेच ती एसटीत मनात घोळवत राहिली.

दारात पाऊल टाकलं तर तिचा धाकटा मुलगा रुद्र आक्काबाईच्या मांडीवर, आणि म्हातारी भाकरीचा घास चावून बोटावर घेत होती.

"आत्याबाई, नका!" भागीबाई एवढ्या जोरात ओरडली की पोर रडायला लागलं. तिने त्याला ओढून कडेवर घेतलं.

म्हातारीचं बोट तसंच राहिलं. "का गं? पुंजाला बी आसंच वाढवलं मी."

पुंजाने अखेर तोंड उघडलं. "त्यातूनच जंतू आला आसंल, आये. मिरचीचं काय नव्हतं."

आक्काबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजी मीच?" ती सुनेकडे वळली. "आन तुला मी एवढी वर्सं..."

हाच चेहरा बघायचा म्हणून भागीबाई एसटीभर धुमसत आली होती. आता तो समोर होता आणि तिलाच बघवेना. तिने पदराने सासूच्या बोटावरचा घास पुसून काढला, खाली वाकून खाटेखालचा खलबत्ता ओढला आणि चुलीपाशी जाऊन बसली.